मदत हवी आहे – फिश टँकच्या स्टँडमध्ये कॉम्प्युटरचा फॅन बसवायचाय

नमस्कार मंडळी, घरी ३ फुटी टँक आहे, खालचं स्टँड प्लायचं, सगळीकडून बंद. आत कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवायचा, पाणी गाळणारा डबा), लाईटचा अडॅप्टर, एक्सटेन्शन बोर्ड असं सगळं कोंबलंय. परवा दार उघडलं तर भप्पकन गरम कोंदट हवा तोंडावर आली आणि मागच्या कोपऱ्यात प्लाय फुगून सनमायका सुटायला लागलाय, बायको म्हणते आधी मासे काढ मग बोल 😅

जुन्या सीपीयूतला १२० एमएमचा फॅन पडलाय. स्टिकरवर १२ व्होल्ट डीसी, ०.१८ अँपिअर. तीन वायरी आहेत, लाल, काळी, पिवळी. लाल प्लस, काळी मायनस, पिवळी स्पीड मोजायची म्हणून ती टेप मारून सोडून द्यायची, इथपर्यंत कळलंय. जुन्या राउटरचा १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टरही आहे, त्याची पिन कापून जोडणार.

आता प्रश्न असा की फॅन हवा बाहेर फेकणारा लावू की आत ओढणारा? मला वाटतं वर मागे बाहेर फेकणारा आणि खाली समोर जाळीचं भोक, पण नक्की सांगा. दुसरं म्हणजे हॉलमध्येच झोपतो, आवाज नको, तर ९ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर फॅन नीट सुरू होईल ना? आणि जॉइंटला हीटश्रिंक (गरम केल्यावर वायरीवर आवळून बसणारी नळी) पुरेल का, पाणी कधी ना कधी सांडतंच. बोर्ड मात्र वर भिंतीला ठोकतोय आणि वायरीला खाली झोल ठेवतोय, म्हणजे थेंब तिथूनच गळून पडेल.

कोणी केलं असेल तर फोटो टाका प्लीज.