स्वतः बांधलेले छोटे विमान सुरक्षितपणे उडवायला कसे शिकावे?

मुलुंडचा_फिटर

नमस्कार. मी व्यवसायाने मेकॅनिकल इंजिनिअर असून एका मित्रासोबत गेली सहा वर्षे भिवंडीजवळच्या गोदामात दोन आसनी किट-विमान जुळवत आहे. पंख लागले आहेत, १०० अश्वशक्तीचे रोटॅक्स ९१२ इंजिन बसले आहे आणि डीजीसीएकडील (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडील) कागदपत्रांचे काम सुरू आहे. माझ्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे, परंतु माझे जेमतेम ६० तास झाले आहेत, ते सगळे सेस्ना १७२ वरचे, आणि शेवटच्या उड्डाणालाही आता तीन वर्षे होतील. प्रत्येक रिव्हेट आम्हीच मारला असल्यामुळे पहिले उड्डाणही मीच करावे असे मनापासून वाटते. पत्नीचे मत वेगळे आहे. हे विमान सुरक्षितपणे उडवायला मी कोणत्या क्रमाने शिकावे?

निवृत्त_प्रशिक्षक

वहिनींचे म्हणणे मला पटते. आपल्यासमोर दोन वेगळी कामे आहेत: न तपासलेल्या विमानाची चाचणी घेणे आणि अनोळखी प्रकारचे विमान शिकणे. ही दोन्ही कामे एकाच माणसाने एकाच दिवशी करू नयेत. अमेरिकेच्या अपघात-तपास मंडळाने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात इंजिनातील बिघाड आणि हवेत ताबा सुटणे ही अपघातांची प्रमुख कारणे आढळली. पहिले कारण विमानाच्या अपुऱ्या चाचणीकडे बोट दाखवते, दुसरे वैमानिकाच्या अपुऱ्या सरावाकडे. पहिल्या उड्डाणात ही दोन्ही एकत्र आली तर सावरायला उंची उरत नाही.

सेस्ना १७२ चे कमाल वजन सुमारे १,१०० किलो असते, तर आपले विमान साधारण ६०० किलोच्या आसपासचे असेल. याचा खरा अर्थ इंजिन बंद पडल्यावर कळतो. जड विमान काही क्षण वेग टिकवून धरते, हलक्या विमानाचा वेग लगेच घसरतो, आणि आपण "काय झाले?" असा विचार करेपर्यंत ते स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल अचानक कोसळण्याच्या, उंबरठ्यावर आलेले असते. त्यामुळे स्टिक (विमानाचे नाक वर-खाली करणारा दांडा) पुढे ढकलण्याची सवय विचाराच्या आधी हाताला लागली पाहिजे, आणि ती तशाच हलक्या विमानात, शेजारी जाणकार प्रशिक्षक बसवूनच लागते. रनवेकडे परत वळण्याचा मोह तर सर्वांत घातक. समजा सरळ उड्डाणात आपले विमान ४० नॉट वेगाला स्टॉल होते. ४५ अंश कलून उंची राखत वळताना तोच आकडा सुमारे ४८ होतो आणि ६० अंशांना जवळपास ५७. घाबरलेला माणूस नेमका जास्त कलतो आणि नाक वर ओढतो. म्हणून ३,००० फुटांवर, थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण मागे घेऊन, मागे वळायला किती उंची लागते ते प्रशिक्षकासोबत प्रत्यक्ष मोजा. त्या आकड्यात घाबरण्यात गेलेले चार-पाच सेकंदही धरा. हा आकडा पाहिल्यावर कमी उंचीवर सरळ समोरच्या मोकळ्या जागेत उतरण्याचा सल्ला बहुतेकांना आपोआप पटतो.

माझे मत स्पष्ट आहे: आधी आपला तीन वर्षांचा गंज झाडून काढा, मग त्याच जातीच्या विमानावर पुरेसे तास घ्या, आणि पहिली काही चाचणी-उड्डाणे त्या प्रकारावर अनुभव असलेल्या वैमानिकाला करू द्या.

गोदामवाला

प्रशिक्षक साहेबांशी सहमत. मी फक्त बांधणाऱ्याच्या बाजूने भर घालतो. इंजिन का बंद पडते, हे शोधताना इंधनापासून सुरुवात करा. रोटॅक्स ९१२ ला १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालते आणि आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचे पेट्रोल मिळते. बाटलीत चाचणी करणे सोपे आहे: पारदर्शक नळीत पाण्याची पातळी खूण करा, पेट्रोल ओतून हलवा, पाण्याचा थर वाढलेला दिसला तर तेवढे इथेनॉल पाण्यात उतरले. एव्हगॅस (विमानांचे शिसेयुक्त पेट्रोल) वापरले तर शिशाचे थर साठतात आणि तेल लवकर बदलावे लागते, पण तो त्रास मी पत्करतो.

दुसरे, विमानाचे नाक चढाईच्या कोनात उंचावून इंधनाचा प्रवाह मोजा. पंपाविना, टाकीतून इंधन आपोआप खाली उतरणाऱ्या व्यवस्थेत तो उड्डाणाच्या गरजेच्या दीडपट हवा, पंप असेल तर सव्वापट. वजन आणि गुरुत्वमध्य कागदावर न काढता खऱ्या काट्यावर मोजा. गुरुत्वमध्य मागे गेला तर स्टॉलमधून सावरणे कठीण होते. आणि रनवेवर "फक्त वेगात पळवून पाहतो" हा प्रकार टाळा. अनेकदा विमान अनपेक्षितपणे उचलले जाते आणि वैमानिकाच्या मनाची तयारी तेव्हा नसते.

जुहूचा_शेजारी

चाचणीसाठी मुंबईचा विचार सोडाच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून पुस मॉथ हे छोटे विमान घेऊन जुहूला उतरले, तेव्हाच्या जुहूचा आज मागमूस नाही: पश्चिमेला समुद्र, बाकी तिन्ही बाजूंना इमारती, वर हेलिकॉप्टरांची वर्दळ आणि शेजारीच मुख्य विमानतळाची हवाई हद्द. देशावर मोकळे रान मिळेल, पण २,००० फूट उंचीच्या धावपट्टीवर ३८ अंश तापमानात हवा ५,००० फुटांवरच्यासारखी विरळ असते, हे चाचणीचा महिना ठरवताना लक्षात ठेवा.

कागदपत्रांना लागणारा वेळ वाया गेला असे मात्र समजू नका. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव स्वतः व्यावसायिक वैमानिक. त्यांचे विमान २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिले, तरी नोंदणी २०१७ मध्ये आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. तेवढ्या काळात आपले ६० तास १२० करता येतील.

मुलुंडचा_फिटर

सर्वांचे आभार. मित्राशी बोललो. पहिली उड्डाणे त्या प्रकाराचा अनुभव असलेल्या वैमानिकाकडून करून घ्यायची, तोपर्यंत मी दर पंधरवड्याला प्रशिक्षणाला जायचे, असे ठरले. एकच शंका राहिली: मोकळ्या जागेत उतरण्याचा सराव करताना प्रशिक्षक मला किती उंचीवर थ्रॉटल पुन्हा उघडायला लावतील?

निवृत्त_प्रशिक्षक

ती उंची जमिनीवरच, उड्डाणाआधी दोघांनी ठरवायची असते, आणि ठरलेल्या आकड्याच्या खाली कितीही सोपे वाटले तरी एक फूटही जायचे नाही. मधूनमधून थ्रॉटल उघडून इंजिन गरम ठेवा. पावसाळ्याच्या आसपास दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो, आणि सरावासाठी मागे घेतलेला थ्रॉटल मग खरोखरच उघडत नाही.