मदत हवी आहे : जुनं घर पाडू की दुरुस्त करू? (तातडीने)

माडीवाला
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आजोबांच्या वेळचं घर आहे. भिंतींना ओल, रंगाचे पोपडे, माडीची एक तुळई वाळवीने खाल्लीय. गवंडी म्हणतो दुरुस्तीत पैसे घालू नका, पाडा आणि आरसीसी करा. माझी काही हरकत नव्हती. पण लेक नववीत आहे, शाळेत कसलातरी प्रकल्प झाला आणि तेव्हापासून 'बाबा, घर पाडलं की किती कार्बन?' म्हणून डोकं खातेय. पर्यावरणाला बरं काय, पाडणं की दुरुस्ती? एका वाक्यात सांगा. रविवारी गवंडी विसार न्यायला येणार आहे.

कावळा_नाका
भावा, भिंत कशाची? किती फूट बांधकाम? ओल खालनं चढत्या का वरनं गळतंय? काहीच सांगितलं नाहीस आणि वर एका वाक्यात पाहिजे.

जुनी_कौलं
कौलं मंगलोरी आहेत का? विकणार का?

माडीवाला
पेठेतल्या घरांच्या असतात तशाच भिंती, त्यात काय सांगायचं? खाली काळा दगड, वर विटा. खाली-वर मिळून 1400 फूट. कौलारू, मागच्या पडवीवर सिमेंटचा पत्रा. ओल खालून, कमरेएवढी.

निवृत्त_उपअभियंता
आता हिशेब करता येईल. आरसीसीला फुटाला साधारण 0.4 पोती सिमेंट धरतात. 1400 फुटांना 560 पोती, म्हणजे 28 टन. एक टन सिमेंटमागे 600 ते 900 किलो कार्बन डायऑक्साइड धरा. नुसत्या सिमेंटचेच 17 ते 25 टन झाले. सळई, खडी, वाळू, वाहतूक वेगळी. शिवाय भिंती दीड फुटी असतील तर पाडल्यावर 40 ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) आसपास मलबा निघेल. तो कुठे टाकणार, हे गवंड्याला विचारलंत का? 2016 च्या नियमांपासून राडारोडा ओढ्यात किंवा रस्त्याकडेला टाकता येत नाही.

माडीवाला
विचारलं. 'बघू की' म्हणाला.

कावळा_नाका
बघू की म्हणजे रात्री जयंती नाल्याकडेला. पुढच्या पावसाळ्यात तेच पाणी अडून पेठेत येतंय.

सूर्यपुत्र
छतावर सोलर बसवा. मी बसवलंय, बिल जवळजवळ शून्य.

कावळा_नाका
तुळई वाळवीनं खाल्लेल्या माडीवर सोलर?

चुनेवाले_आबा
माडीवाले, एक सांगा. आतून सिमेंटचा गिलावा कधी केला?

माडीवाला
सोप्याला, म्हणजे पुढच्या खोलीला, 2008 ला केला. वर ऑइलपेंट. त्यानंतर तीनदा पुट्टी भरली, दर वेळी दोन पावसाळ्यांत परत पोपडे.

चुनेवाले_आबा
तिथंच घोडं पेंड खातंय. जुन्या भिंतीत जमिनीची ओल चढायचीच, पण पूर्वीच्या गिलाव्यातून ती वाळून बाहेर जायची. तुम्ही वर सिमेंट आणि ऑइलपेंटचं झाकण लावलंत. पाणी आतच कोंडलं, वर चढलं, लोणा (पांढरा खार) सुटला. दर तीन-चार वर्षांनी पुट्टी, रंग, पोतीच्या पोती वाया. गिलावा खरवडून चुन्याचा करा. चुना, विटांचा चुरा, गुळाचं पाणी, हिरडा. गुळाला आपल्याकडे काय तोटा!

निवृत्त_उपअभियंता
आबा, चुना काय आभाळातून पडतो? तोही भट्टीत भाजतात आणि चुनखडीतून तोच वायू निघतो.

चुनेवाले_आबा
निघतो. पण भिंतीवर घट्ट होताना चुना हवेतला बराचसा वायू परत ओढून घेतो. भट्टीही 900 अंशांची. सिमेंटला 1450 लागतात.

निवृत्त_उपअभियंता
जळलेलं इंधन तो परत घेत नाही. आणि आता बाजारातल्या बऱ्याच सिमेंटमध्ये राख मिसळलेली असते, त्यामुळे माझा आकडा खालच्या बाजूला येईल. सरसकट सिमेंट वाईट म्हणू नका.

माई_राजारामपुरी
आमच्या माहेरी वाडा बांधताना दारात चुन्याची घाणी होती. बैल गोल फिरायचा आणि दगडी चाकाचा तो घर्रर्र आवाज... आम्ही पोरं कांबीवर बसायला भांडायचो. आईची चंची आठवली. असो.

कावळा_नाका
मुद्द्याचं कुणी विचारेना. माडीवाले, पेठ कुठली? 2019, 2021 ला पुराचं पाणी आलतं का?

माडीवाला
शुक्रवार पेठ. 2019 ला उंबऱ्याच्या आत आलं होतं, 2021 ला सोप्यात गुडघाभर. त्याचा इथे काय संबंध?

कावळा_नाका
संबंध काय म्हणून विचारतोय हा!! अरे, पहिल्या ओळीत सांगायची गोष्ट ही. विटा मातीत बसवल्या असतील तर सांध्यातली माती मऊ होते. आमच्या चुलत्यांची भिंत पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी बसली.

निवृत्त_उपअभियंता
इथे कावळा नाका बरोबर आहेत. भिंत ओळंब्यात आहे का, पाया खचलाय का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. पाया गेला असेल तर कार्बनचा हिशेब बाजूला ठेवून पाडा. आणि पाडण्याआधी महापालिकेत नगररचनाला विचारा, निळ्या पूररेषेच्या (जिच्या आत बांधकामावर बंधनं असतात) आत आहात का. घर पाडून बसाल आणि परवानगी अडकेल.

चुनेवाले_आबा
आज एक करा. दगडाच्या सांध्यातलं आणि विटांच्या सांध्यातलं एकेक ढेकूळ काढा, दोन वाट्यांत पाणी घेऊन टाका. माती असेल तर थोड्या वेळात गाळ होईल. चुना तसाच राहील.

परिचारिका_ताई
पडवीच्या पत्र्याबद्दल कुणीच बोललं नाही. जुना सिमेंटचा पत्रा म्हणजे बहुधा ॲस्बेस्टॉस. हातोड्याने फोडू नका, कापू नका. त्याची धूळ फुप्फुसात बसते. ओला करून, बोल्ट सोडवून अख्खा उतरवा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळा. तोंडाला साधा रुमाल बांधून काही होत नाही.

जुनी_कौलं
कौलांवर शिक्का आहे का बघता का? अखंड असतील तर चांगला भाव देईन.

माडीवाला
वाट्या ठेवल्या. लेक घड्याळ घेऊन समोर बसली होती. विटांमधलं ढेकूळ दहा मिनिटांत चहासारखं झालं. दगडातलं सकाळपर्यंत तसंच, नखानेही निघेना. म्हणजे गुडघाभर पाणी आलं ते चुन्याच्या भागातच होतं ना? तुळईचं एकच टोक पोकळ आहे, बाकी टणक वाजते. गवंड्याला रविवारी येऊ नको म्हणून सांगितलं, रागावलाय. बुधवारी इंजिनिअर येणार.

चुन्याचं काम येणारा गवंडी कोल्हापुरात कुणाच्या माहितीत आहे का? आमचा म्हणतो चुना फक्त पानाला.

चुनेवाले_आबा
व्यनि (खासगी निरोप) करतो.

निवृत्त_उपअभियंता
इंजिनिअर काय म्हणतो ते कळवा. तोवर आबांचं ऐकून गिलावा खरवडू नका.

चुनेवाले_आबा
एका कोपऱ्यात दोन फूट खरवडून बघायला काय हरकत आहे?

माडीवाला
खरवडला. आतली वीट हाताला ओली लागतेय, मे महिन्यात.

@जुनी_कौलं, विकायची नाहीत.