प्रतिसाद : ब्रुसेल्सच्या कारखान्याचे उदाहरण

इलेक्ट्रिक गाड्यांना गिऱ्हाईक नाही म्हणून कामगार कपात होते, असे मत मांडले जाते, पण ते मला अर्धेच पटते. बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्समधील फोरेस्ट भागातला आउडी या जर्मन मोटार कंपनीचा कारखाना 28 फेब्रुवारी 2025 रोजी कायमचा बंद झाला आणि सुमारे 3000 कामगारांची रोजीरोटी गेली, ते उदाहरण पाहावे. तिथे 1949 पासून गाड्या बनत होत्या. 2018 पासून मात्र हा कारखाना इलेक्ट्रिक गाड्यांकडे वळला आणि अखेरीस 'क्यू 8 ई-ट्रॉन' या एकाच महागड्या गाडीवर त्याचा सारा भार येऊन पडला. मागणी घटल्यावर दुसरे मॉडेल हाताशी नव्हते. शहरालगतच्या जागेमुळे बदल करणे कठीण आणि वाहतूक खर्चिक, असेही कंपनीने सांगितले. पण ती जागा काही रातोरात तिथे आली नव्हती. नवे मॉडेल कुठे द्यायचे हा निर्णय कामगारांचा नव्हता, त्याची किंमत मात्र त्यांनी मोजली.

सप्टेंबर 2024 मध्ये कामगारांनी तयार असलेल्या सुमारे 200 गाड्यांच्या किल्ल्या आपल्या ताब्यात ठेवल्या. आमच्या भवितव्याबद्दल स्पष्ट उत्तर द्या, एवढेच त्यांचे मागणे होते, आणि मला ते अतिशय रास्त वाटते. रेनो या फ्रेंच मोटार कंपनीने 1997 मध्ये ब्रुसेल्सजवळच्या विल्वोर्डे गावातला कारखाना बंद केल्यानंतर बेल्जियमने कायदाच केला, की सामूहिक कपातीआधी कामगार प्रतिनिधींना माहिती देऊन चर्चा केली पाहिजे. ब्रुसेल्समध्ये त्यानुसार महिनोन्महिने बैठका झाल्या, नुकसानभरपाई ठरली. कारखाना मात्र वाचला नाही.