मदत हवी आहे : स्पिट्झच्या ‘हाचिमित्सु’ची कोणती सीडी घ्यावी?

नमस्कार. १९८७ पासून त्याच चार सदस्यांसह वाजवत आलेल्या स्पिट्झ या जपानी बँडचा सप्टेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘हाचिमित्सु’ हा अल्बम मला सीडीवर विकत घ्यायचा आहे. त्यातील ‘रॉबिन्सन’ हे गाणे त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये स्वतंत्रपणे आले आणि त्यानेच बँडला जपानभर लोकप्रिय केले. (गाण्याच्या बोलांत ‘रॉबिन्सन’ हा शब्द कुठेही नाही, ही गंमत वेगळीच.)

अडचण अशी की जुन्या सीडींच्या बाजारात मूळ १९९५ ची आणि २००२ ची रीमास्टर केलेली (म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने संस्कारित करून काढलेली), अशा दोन्ही आवृत्त्या दिसतात. मिवा तेत्सुया यांच्या गिटारमधील सुटे सुटे वाजणारे स्वर आणि कुसानो मासामुने यांचा उंच पट्टीतला, तरीही कधी कर्कश न होणारा आवाज हेच मला या अल्बमचे खरे बलस्थान वाटते. त्यामुळे केवळ आवाजाची पातळी वाढवलेली प्रत मला नको आहे.

दोन्ही आवृत्त्या हेडफोनवर लक्षपूर्वक ऐकलेल्या सभासदांनी फरक सांगावा, ही विनंती. तसेच विक्रेत्याने दिलेल्या छायाचित्रावरून आवृत्ती नेमकी कशी ओळखावी?