गेटजवळचा वाफा: गवत लावायचं की साल्विया?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. सोसायटीच्या गेटच्या डावीकडची वाळकी झुडपं काढून झाली. भिंतीलगत बारा मीटर लांब, दीड मीटर रुंद पट्टा मोकळा आहे. दिवसभर ऊन. रोपं मागवायच्या आधी काय ते बोलून घ्या. नंतर "आम्हाला कुणी विचारलंच नाही" चालणार नाही.

सी-३०४: शोभेचं गवत! जांभळं फाउंटन ग्रास. वाऱ्यावर काय डोलतं. पाणी कमी, काम शून्य.

बी-४०२: शून्य काम फक्त प्लॅस्टिकच्या झाडाला असतं हो दादा. माझं मत साल्वियाला. निळा, फरिनेशिया जातीचा. बाल्कनीत आहे माझ्याकडे, मधमाश्या हटत नाहीत.

डी-५०१: गवत विकत आणायचं? पार्किंगच्या कडेला फुकट उगवतंय की.

सेक्रेटरी: पार्किंगचा विषय रविवारच्या मीटिंगमध्ये. इथे फक्त झाडं.

सी-३०४: साल्विया म्हणजे ते लालभडक ना, सगळ्या बागांत ओळीने उभं असतं ते? बोअर आहे.

ए-२०१: अरे, तो एक झाला. साल्विया स्प्लेंडेन्स, मूळचा ब्राझीलचा. या वंशात हजाराच्या आसपास जाती आहेत. चिया त्यातलाच. रोजमेरीलाही आता वनस्पतिशास्त्रज्ञ साल्वियातच धरतात. एका लाल वाफ्यावरून अख्ख्या खानदानाला नावं ठेवू नकोस.

सी-३०४: सॉरी काकू. पण गवतातही कमी प्रकार नाहीत!

ए-२०१: नाहीतच. म्हणूनच "गवत की साल्विया" हा प्रश्न असा सरसकट विचारून भागत नाही. कुठलं गवत आणि कुठला साल्विया ते आधी सांगा.

बी-४०२: काकू, मधमाश्यांचं सांगा ना यांना. परवा मला फूल उघडून दाखवलंत ते.

ए-२०१: सांगते. साल्विया तुळशीच्या कुळातला. खोड दोन बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागतं. फुलाला दोन ओठ असतात. माशी खालच्या ओठावर उतरते. पुंकेसर असतात दोनच, वरच्या ओठाआड दडलेले, आणि त्यांचं दुसरं टोक फुलाच्या घशात आडवं आलेलं असतं. माशीने मधासाठी डोकं आत घातलं की ते टोक मागे ढकललं जातं आणि वरचे परागकोश खाली झुकून तिच्या पाठीवर टेकतात. माशी बाहेर पडली की परत वर. पुढे ती आधीच उमललेल्या एखाद्या फुलावर जाते, तर तिथे कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, वाकून बरोबर पाठीच्या त्याच जागी आलेली असते. श्प्रेंगेल नावाच्या जर्मन अभ्यासकाने १७९३ साली ही तरफ लिहून ठेवली, साल्विया प्राटेन्सिस या जातीवर. टोकदार पेन्सिल हळूच आत सारून आपल्यालाही करून बघता येतं. मात्र पक्ष्यांच्या भरवशावर असलेल्या बऱ्याच लाल जातींत ही तरफ चालत नाही.

डी-५०१: पोरीला दाखवायला हवं हे. पेन्सिल घेऊन येतो उद्या तुमच्याकडे, बी-४०२.

बी-४०२: या की. पण हळू, फुलं मोजकी आहेत सध्या.

सी-३०४: बरं, आणि गवताचं काय? त्यालाही तुरे येतात.

ए-२०१: येतात, पण ते वाऱ्यासाठी. पराग वाऱ्यावर जाणार म्हटल्यावर रंगीत पाकळी कशाला आणि मध कशाला? माश्यांसाठी वाफा करायचा असेल तर गवताचा उपयोग थोडा. पक्ष्यांना बिया मिळतात, किड्यांना बुंध्यात आसरा मिळतो, एवढं त्याच्या बाजूने सांगता येईल.

ए-१०३: वाऱ्यावर पराग म्हणजे? मला गवताच्या परागाची ॲलर्जी आहे. माझी खिडकी त्या वाफ्याच्या बरोब्बर वर आहे. आधीच सांगून ठेवतोय.

बी-४०२: घ्या. साल्वियाचे पराग चिकट असतात, माशीच्या अंगावरून जातात, हवेत उडत नाहीत.

सी-३०४: काका, तुरा उमलायच्या आत कापला तर? किंवा गवत पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला लावू, तुमच्या खिडकीपासून लांब.

ए-१०३: तुरा कापायचा तर मग ते लावायचंच कशाला? दुसरं टोक चालेल.

डी-५०१: माझी एक अट. पँपास ग्रास नको. त्याच्या पातीच्या कडा करवतीसारख्या असतात. पोरं चेंडू काढायला हात घालणार आणि रक्त काढून येणार.

ए-२०१: बरोबर. कडेला सिलिकाचे बारीक दाते असतात. मिस्कँथस नावाच्या शोभेच्या गवताचीही पाती कापते. शिवाय पँपास अडीच-तीन मीटर जातो, दीड मीटरच्या पट्ट्यात तो कसा मावणार? कॅलिफोर्नियात आणि न्यूझीलंडमध्ये तो बागेतून पळून रानात माजलाय, ते वेगळंच.

सी-३०४: मी फाउंटन ग्रास म्हणतोय, पँपास नाही.

ए-२०१: त्यातही बघून घे. साधं हिरवं फाउंटन ग्रास, पेनिसेटम सेटेसियम, बी टाकून पसरतं. हवाई बेटावर ते लाव्हाच्या उघड्या खडकावर पसरलं आणि वाळल्यावर वणव्यांना खाद्य झालं. युरोपीय संघाने २०१७ मध्ये त्याला आक्रमक जातींच्या यादीत घातलं. तुला हवं ते जांभळं, 'रुब्रम', क्वचितच बी धरतं. तेच आण, आणि आणताना पानाचा रंग बघ. लेबलवर विसंबू नकोस.

सी-३०४: नोंद केली काकू. हिरवं आलं तर परत पाठवतो.

सेक्रेटरी: देखभालीचं कुणीतरी बोला. माळीदादा आठवड्यातून एकदाच येतात.

बी-४०२: साल्वियाला कात्री लागते, हे मी मान्य करते. तुरा वाळला की खालच्या पानांच्या जोडीच्या वर कापायचा, तिथून दोन नवे तुरे फुटतात. नाही कापला तर झाड उंच, काडीकाडी होऊन मधूनच फाकतं. बहर ओसरला की एक तृतीयांश छाटते मी, परत भरून येतं. एवढंच. आणि पाणी साचू द्यायचं नाही, मूळ कुजतं. उन्हाने मेलेला साल्विया मी पाहिला नाही, पण ताटलीतल्या पाण्याने गेलेले खूप पाहिलेत.

सी-३०४: आणि गवताला? वर्षातून एकदा. सुतळीने जुडी घट्ट बांधायची, जमिनीपासून एक वीत ठेवून खाली कापायचं, अख्खी पेंढी हातात येते. सुतळी नाही बांधली तर पात्या सगळीकडे उडतात आणि झाडणाऱ्या मावशी आपल्याला शिव्या देतात.

ए-२०१: नवे कोंब दिसायच्या आत काप. उशीर झाला की कोवळी टोकंही छाटली जातात आणि हंगामभर बोथट दिसतात. शिवाय काही वर्षांनी जुडीच्या मधे टक्कल पडतं. मग ती उपटून, पहारीने चिरून, कडेचे ताजे तुकडे लावावे लागतात. काम शून्य कुठे आहे?

सी-३०४: शून्य मागे घेतो. पण काही वर्षांनी एकदाच ना!

डी-५०१: खत कोणाला किती?

ए-२०१: दोघांनाही बेताचं. नत्र जास्त झालं की गवत लोळतं आणि साल्वियाला नुसती पानं येतात. पहिला हंगाम मात्र दोघांनाही नियमित पाणी हवं. "कमी पाण्याचं झाड" ही मुळं खोल गेल्यानंतरची गोष्ट.

ए-१०३: मग ठरलं का? मला तर साल्वियाच बरा वाटतोय.

सी-३०४: काका, नुसता साल्विया लावलात तर दोन बहरांच्या मधे पट्टा उघडा दिसेल. गवत तेव्हाही उभं असतं. वाळलेलंसुद्धा छान दिसतं.

ए-२०१: या मुद्द्यावर मी त्याच्या बाजूने. जर्मनीत पॉट्सडॅमला कार्ल फोर्स्टर नावाचे रोपवाटिकाकार होते, १८७४ ते १९७०. त्यांच्या नावाचं कॅलामॅग्रॉस्टिस गवत अमेरिकेतल्या पेरेनिअल प्लांट असोसिएशनने २००१ चं 'वर्षातलं रोप' ठरवलं. आणि १९९७ चा मान 'माइनाख्ट' साल्वियाला मिळाला होता. तो साल्विया कुणाचा? फोर्स्टर यांचाच! शिकागोच्या लुरी गार्डनमध्ये पीट औडॉल्फ या बागरचनाकाराने निळ्या-जांभळ्या साल्वियाची वळणावळणाची नदीच वाहवली आहे आणि भोवती गवतं. गवत-साल्वियाचं भांडण आपल्या ग्रुपवरच चाललंय.

बी-४०२: हाहा. काकू, 'माइनाख्ट' इथे लावू या का मग?

ए-२०१: नको. 'माइनाख्ट' काय आणि फोर्स्टर यांच्या नावाचं गवत काय, दोन्ही कडक थंडीत झोपी जाणारी झाडं. तशी थंडी मिळाली नाही तर मलूल होतात. फोटो बघून मागवायची आणि मग माळ्याला दोष द्यायचा, हे प्रकार पुष्कळ पाहिलेत. निळं फेस्क्यू गवतही तसंच, थंडीत वाढणारं, उकाड्यात कुढतं. पेनिसेटम उकाड्यातच जोर धरतं. आपल्याला पेनिसेटम आणि फरिनेशिया पुरे.

सेक्रेटरी: म्हणजे दोन्ही. कसं लावायचं ते सांगा, मी कागदावर काढतो.

ए-२०१: गवत मागे, भिंतीकडे, ए-१०३ च्या खिडकीपासून दूरच्या अर्ध्यात. पाच-सहा जुड्या, दोन जुड्यांत मीटरभर अंतर. संध्याकाळचं ऊन त्यांच्या मागून येईल असं बघा. समोरून ऊन पडलं की तुरा मळकट दिसतो, मागून आलं की केस न् केस उजळतो. पुढे पूर्ण लांबीभर फरिनेशिया, गुडघ्याच्या उंचीचा, तीस-चाळीस सेंटीमीटरवर एकेक. ठिपक्यांसारखा विखरू नका, घोळक्याने लावा.

बी-४०२: आणि खिडकीखालच्या अर्ध्यात मागे मखमली साल्विया, ल्युकँथा. तोही मीटरभर होतो, गवताच्या उंचीला जुळेल.

ए-२०१: चालेल. फक्त तो दिवस लहान झाले की फुलतो. गेटचा फोकस रात्रभर त्याच्यावर पडला तर फुलं यायला उशीर होईल. दिवा रस्त्याकडे वळवा.

सेक्रेटरी: इलेक्ट्रिशियनला सांगतो.

बी-४०२: फरिनेशियाची थोडी रोपं मी काड्यांवरून करून देते. फूल नसलेली फांदी घेतली की पटकन मूळ धरते. सगळी विकत नका आणू.

सी-३०४: गवताच्या काड्या नाही लागत ना अशा?

ए-२०१: नाही. मुळासकट तुकडा हवा. म्हणून जुड्या मोठ्या घे. पहिल्या वर्षी आणखी वाटायला मिळणार नाहीत.

डी-५०१: पंपरूमशेजारचा कोपरा पण मोकळा आहे. तिथे उरलेली लावू?

ए-२०१: तिथे दुपारनंतर सावली. साल्विया लांबुडका होईल, गवत आडवं पडेल. दोन्ही नकोत. सावलीतल्या झाडांची यादी उद्या टाकते.