मदत हवी: 'वॉक'ला दुसरे शब्द (घाई आहे)

घाईत_आहे:
इंग्रजी 'वॉक'ला पर्यायी शब्द हवेत, दहा-बारा तरी. थिसॉरस बघून झालाय. त्यात ढीगभर शब्द आहेत, पण कुठला कुठे बसतो काही कळत नाही. उद्या सकाळी द्यायचंय. कृपया 'डिक्शनरी बघा' म्हणू नका.

शब्दवेडी:
स्ट्रोल, सॉन्टर, अँबल हे तिन्ही निवांत, रमतगमत. ट्रज म्हणजे दमूनभागून, जड पायांनी. स्ट्राइड म्हणजे लांब ढांगा टाकत. स्ट्रट म्हणजे छाती काढून, कोंबड्यासारखं. स्वॅगर म्हणजे तेच, फक्त माज जास्त. टिपटो म्हणजे चवड्यांवर. आठ झाले, अजून हवेत?

अर्धविराम:
नुसती यादी काय कामाची? कोण चालतंय, कुठे, कशासाठी? वाक्य टाका.

घाईत_आहे:
६८ वर्षांच्या एक बाई आहेत. पलंगापासून दारापर्यंत जातात आणि परत येतात. एवढंच आहे हो. 'वॉक' १९ वेळा आलाय आणि प्रत्येकाला लाल गोल करून कागद परत आलाय.

शब्दवेडी:
मग 'शफल्ड' घ्या! पाय न उचलता, सपाता फरशीवर घासत चाललेली बाई. एका शब्दात चित्र उभं.

पायपीट:
६८ म्हणजे चालायलाच हवं. पण १०,००० पावलांच्या मागे लागू नका. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय. यंत्राचं नावच मुळी 'दहा हजार पावलांचा मापक'. मी स्वतः सकाळी अर्धा तास चालतो, अनवाणी. गुडघे एकदम ठणठणीत.

अर्धविराम:
पायपीटराव, हे कोणी विचारलंय का?

पायपीट:
माहिती दिली. नको असेल तर सोडून द्या.

जुनाजाणता:
मूळ अडचण वेगळी आहे. इंग्रजी माणूस चालण्याची तऱ्हा क्रियापदातच कोंबतो. आपण 'चालणे' तसंच ठेवतो आणि त्याच्या पुढे झपझप, तुरुतुरु, दुडुदुडु, लटपटत, फेंगडत असं काहीतरी लावतो. लेनर्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने भाषांमधला असा फरक मांडलाय. म्हणूनच आपल्या इंग्रजीत सगळेच 'वॉक्ड स्लोली' नाहीतर 'वॉक्ड फास्ट'.

शब्दवेडी:
थोडक्यात, मराठीत क्रियापदं कमी.

जुनाजाणता:
कमी कशी? दुडुदुडु एका वर्षाचं पोर चालतं, तुरुतुरु चार वर्षांचं. एवढा बारीक फरक तुमच्या एका इंग्रजी शब्दात दाखवा, मग बोलू.

शब्दवेडी:
'टॉडल' आहे की दुडुदुडुला.

जुनाजाणता:
आणि तुरुतुरुला?

कोपऱ्यातला:
वॉकचं काय घेऊन बसलात, 'रन' बघा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांनी त्याचे क्रियापद म्हणून ६४५ अर्थ मोजलेत. त्याआधी 'सेट' पुढे होता, १९८९च्या आवृत्तीत ४३० अर्थ. नाक रन होतं, नळ रन होतो, दुकान रन होतं.

अर्धविराम:
आपलं 'चालणे' काय कमी आहे? घड्याळ चालतं, दुकान चालतं, डोकं चालतं, कोणाला कारलं चालत नाही, आणि कशालाही 'चालेल'. असो. धागाकर्ते, तुमचं वाक्य अजून आलं नाही.

घाईत_आहे:
घ्या. शब्दवेडींच्या यादीतून मी बदलायला सुरुवात केलीये: 'ऑन डे टू द पेशंट सॉन्टर्ड टू द डोअर विथ अ वॉकर, देन स्ट्रोल्ड बॅक.'

अर्धविराम:
पेशंट??

घाईत_आहे:
हो, गुडघा बदललाय. मी फिजिओथेरपीची इंटर्न आहे, केस रिपोर्ट आहे. सांगितलं नव्हतं का?

अर्धविराम:
नव्हतं!

कुबडी:
थांबा, काहीही पाठवू नका. मी याच क्षेत्रात आहे. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, टाके ओले, हातात वॉकर, आणि बाई 'सॉन्टर' करतायत? वाचणारा हसेल. 'शफल' तर मुळीच नको. आमच्या नोंदीत 'शफलिंग गेट' (गेट म्हणजे चालण्याची ढब) दिसलं की मनात पहिल्यांदा पार्किन्सन येतो. एका शब्दाने बाईंना नवा आजार लावाल. बदलायचाच असेल तर 'अँब्युलेट' चालतो, पण १९ अँब्युलेट केलेत तर लाल गोलही १९ येतील. लाल पेनने शेजारी काय लिहिलंय?

घाईत_आहे:
'नुसतं वॉक वॉक काय?' एवढंच.

कुबडी:
मग सरांना दुसरा शब्द नकोच आहे! किती मीटर, किती वेळात, वॉकरवर की कोणी धरून, पायावर किती भार, दुखत होतं का, हे हवंय. लंगडत असतील तर 'अँटाल्जिक गेट' लिहा, म्हणजे दुखऱ्या पायावर कमी वेळ टेकून चालणं.

कोपऱ्यातला:
अँब्युलन्सही 'अँब्युलेट'च्याच कुळातला ना? फ्रेंचमध्ये फिरत्या रुग्णालयाला म्हणायचे. म्हणजे चालता येत नाही त्याला न्यायला येते ती 'चालणारी'.

घाईत_आहे:
असं केलं: 'डे टू: वॉक्ड १२ मीटर विथ वॉकर, वन पर्सन असिस्ट, वन रेस्ट अॅट द डोअर.' १९चे ६ वॉक उरले. पण पुढे 'सिक्स मिनिट वॉक टेस्ट' आहे. तिथे काय घालू?

कुबडी:
काही नाही! ते चाचणीचं नाव आहे. सहा मिनिटांत किती मीटर झाले ते लिहा. तिथे 'सिक्स मिनिट स्ट्रोल टेस्ट' लिहाल तर मात्र लाल गोल माझ्याकडून.

घाईत_आहे:
थँक्यू. सॉन्टर खोडला.

शब्दवेडी:
आधी 'रिपोर्ट' म्हणाला असतात तर मी सुचवलाच नसता. आणि जुनाजाणता, तुरुतुरुला 'स्करी'.

जुनाजाणता:
स्करी उंदीर करतो.