मोठी गोधडी कमी खर्चात पूर्ण कशी करू? (मदत हवी आहे)

गुंतलेली: दोन वर्षं तुकडे जोडत होते, वरचा थर एकदाचा झाला आणि आता घोडं अडलंय. लाँगआर्म मशीनवर (गोधडीचे थर एकत्र शिवायचं मोठं मशीन) शिवून देणाऱ्यांचा आकडा ऐकला आणि गोधडी घडी करून परत कपाटात टाकली. लग्नात द्यायचीय. स्वस्तात काय करता येईल पटकन सांगा.

निळा दोरा: माप काय? आत काय भरणार? हाताने की मशीनवर? काहीच लिहिलं नाहीये.

गुंतलेली: मोठी आहे हो, डबलबेडची. मशीन आहे, साधंच.

उसवलेला: साध्यावर होतं, मी तीन केल्यात. अस्तर उलटं जमिनीवर पसरून चिकटपट्टीने ताणून बसवा, त्यावर भर, त्यावर वरचा थर, मग मधून कडेकडे सेफ्टी पिना, दोन पिनांत मुठीएवढंच अंतर. वॉकिंग फूट (सगळे थर एकसारखे पुढे सरकवणारा मशीनचा पाय) लावून मधून सुरुवात करा आणि सरळ रेघा मारा, नक्षीच्या नादी लागू नका. बाजूचा भाग गुंडाळून मशीनच्या पोटात सरकवायचा आणि सगळं वजन टेबलावर राहू द्यायचं, लोंबलं की टाके वाकडे जातात. माझ्या पहिलीच्या पाठीला अजून चुण्या आहेत, पिना कमी लावल्या होत्या.

निळा दोरा: डबलबेडची गुंडाळी त्या वीतभर जागेत? खांदे निखळतील. जाड सुती दोरा घ्या आणि दर ४-५ इंचांवर तिन्ही थरांतून दुहेरी गाठ मारा. मशीनच नको.

आजीची सुई: गाठी मारल्या की गादी झाली ती. गोधडी म्हणजे हाताचा धावदोरा.

निळा दोरा: आजी, लग्न कधी आहे ते तरी विचारा!

गुंतलेली: दीड महिना.

आजीची सुई: मग रोज दोन तास बसा.

पिसू: धुताना गार पाणी घ्या, लाल कापड रंग सोडतं.

उसवलेला: धुण्याचं कोण विचारतंय इथे?

रीळ: लाँगआर्मवाल्यांना सगळीकडे एकच नक्षी, म्हणजे एज टू एजचा भाव विचारलात का? खास नक्षीपेक्षा बराच कमी असतो. कडेची पट्टी घरी लावा. अस्तर मात्र चारही बाजूंनी ४ इंच जास्त लागतं.

गुंतलेली: अस्तर वरच्या थराएवढंच कापून झालंय. जुनी चादर आहे.

निळा दोरा: हे आधी सांगायचं ना!!

रीळ: हरकत नाही, उरलेल्या कापडाच्या पट्ट्या चारी कडांना जोडा. पण चादरीचं विणकाम घट्ट असतं, हाताची सुई जाता जात नाही. आजींचा सल्ला त्यामुळे बाद.

आजीची सुई: माझी जाते.

उसवलेला: भर कुठला ते अजून कळलं नाही. पाकिटावर टाक्यांमधलं जास्तीत जास्त अंतर दिलेलं असतं, त्यापेक्षा लांब गेलात तर धुतल्यावर गोळे होतील, गाठी मारा नाहीतर रेघा.

गुंतलेली: पाकीट फेकलं. पॉलिएस्टर आहे बहुतेक. पट्ट्या शोधते आधी.